भाषा तीन, गुरुजी एक

२०२५ साली आमच्या शाळा १६ जूनला उघडल्या. पावसाने वाड्या भिजल्या होत्या, नव्या दप्तरांचा वास वर्गात दरवळत होता, आणि पहिलीच्या दाराशी दरवर्षीप्रमाणे दोन मुले आईचा हात सोडायला तयार नव्हती. दुसऱ्याच दिवशी, १७ जूनला, शासनाने निर्णय काढला की, मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून सर्वसाधारणपणे हिंदी शिकवली जाईल. १६ एप्रिलला हीच गोष्ट ‘अनिवार्य’ या शब्दासह आली होती. महाराष्ट्रभर ओरड झाली म्हणून तो शब्द गेला आणि त्याच्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ आला. पुढे अशी पुस्ती होती की, हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात तशी मागणी करणारी किमान २० मुले हवीत. तेवढी असली तर शिक्षक मिळेल, नसली तर ती भाषा ऑनलाइन शिकवली जाईल.

पुढच्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या शिक्षक-खोलीत आम्ही तिघे बसलो होतो. प्राथमिक विभागाला पाच जण असायला हवेत. एक गुरुजी निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, त्यांची जागा रिकामी आहे, आणि एक बाई त्या दिवशी प्रशिक्षणाला गेल्या होत्या. वर्तमानपत्र वाचून झाल्यावर आमच्यातल्या ज्येष्ठ बाई एवढेच म्हणाल्या, “तिसरी भाषा कोण शिकवणार, सर? पहिली शिकवायलाच आज माणूस नाही.” यावर कोणी बोलले नाही. घंटा झाली आणि आम्ही तिघे पाच वर्गांत वाटले गेलो.

पुढची हकीगत वाचकांना ठाऊक आहे. सभा झाल्या, पत्रके निघाली, साहित्यिकांनी निवेदने दिली. २९ जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ५ जुलैला वरळीत विजयी मेळावा झाला. आम्हांलाही आनंद झाला, तो लपवण्याचे कारण नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर एकाच वेळी तीन भाषा आणि दोन लिप्या ठेवू नयेत, हे सांगायला मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. पहिलीच्या वर्गात एक आठवडा बसले तरी पुरे. शिवाय हिंदीशी आमचे वैर नाही. पाचवीपासून ती आमच्या शाळांत वर्षानुवर्षे शिकवली जात आहे आणि मुले ती आनंदाने शिकतात.

पण सोमवारी, ७ जुलैला, आम्ही वर्गात गेलो तेव्हा शिक्षक तेवढेच होते. मेळाव्यातून त्यांच्यात एकाचीही भर पडली नव्हती. मराठीचा विजय झाला असे म्हणतात. मग मराठीच्या शाळेत मराठी शिकवणारा माणूस का वाढत नाही, हा आमचा प्रश्न आहे, आणि तो विचारण्यासाठीच हा लेख आम्ही लिहीत आहोत.

महाराष्ट्रात मराठी शाळेवर खरा घाला पडला तो जून २०२५ मध्ये नव्हे. तो १५ मार्च २०२४ रोजी पडला. त्या दिवशी शाळांच्या संचमान्यतेचे सुधारित निकष जाहीर झाले. संचमान्यता हा शब्द पालकांच्या कानावरून जातो, पण त्याचा अर्थ फारसा कोणी विचारत नाही. कोणत्या शाळेत किती शिक्षक असावेत आणि त्यांचा पगार शासन देणार की नाही, हे दरवर्षी ज्या कागदावर ठरते तो हा कागद. नव्या निकषांप्रमाणे सहावी ते आठवी आणि नववी-दहावी यांचा पट २०च्या खाली गेला तर तेथे मान्य शिक्षकांची संख्या शून्य होते. दोन नव्हे, एक नव्हे, शून्य. मुले १९ असली तर ती शाळेत येतील, बाकावर बसतील, हजेरीत त्यांची नावे असतील, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांना शिकवणारा कोणी नसेल. या निर्णयाविरुद्ध शिक्षक संघटना बोलल्या, न्यायालयात गेल्या, पण वरळीला कोणी जमले नाही. भाषेसाठी रस्त्यावर उतरणारा समाज शिक्षकासाठी उतरत नाही, हे आम्ही तेव्हा पाहिले.

२००९चा शिक्षण हक्क कायदा काय म्हणतो तेही पाहावे. त्याच्या अनुसूचीत लिहिले आहे की, पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत. सहावी ते आठवीसाठी दर वर्गाला किमान एक शिक्षक असावा, आणि तोही असा की विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तिन्हींसाठी निदान एकेक माणूस मिळेल. अठरा मुलांना गणित शिकवण्यासाठी जितके गणित यावे लागते तितकेच अठ्ठेचाळीस मुलांना शिकवण्यासाठी लागते, हे कायदा करणाऱ्यांना कळले होते. त्याही आधी, १९८७ साली, देशात खडू-फळा मोहीम निघाली तेव्हा प्रत्येक प्राथमिक शाळेत निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यातील एक शक्यतो स्त्री, असे वचन दिले गेले होते. आम्ही नोकरीत नवे होतो तेव्हा त्या मोहिमेतून आलेल्या पेट्या शाळांतून पाहिल्या आहेत. पेट्या आल्या, नकाशे आले, आणि दुसरा शिक्षकही पुष्कळ ठिकाणी आला. आता तो परत जात आहे.

वाचकांनी २० या आकड्याकडे पुन्हा एकदा पाहावे. तिसऱ्या भाषेचा शिक्षक हवा तर मुले २० हवीत. वरच्या वर्गाला शिक्षक राहायचा तर मुले २० हवीत. २०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची टूम निघाली तेव्हाही आकडा २०च होता. त्या वेळी राज्यात अशा १४ हजारांहून अधिक शाळा आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले असल्याचे शासनानेच सांगितले होते. आणि ५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे ज्या दिवशी आम्हां शिक्षकांना गुलाबाचे फूल देण्याची प्रथा आहे त्या दिवशी, असा निर्णय निघाला की, २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी असेल. पुढे २०२५ मध्ये तो रद्द करावा लागला, हे शासनाच्या बाजूने नमूद करतो. पण आकडा मनात कोठे तरी पक्का बसला आहे. विसापेक्षा कमी मुले म्हणजे मुलेच नव्हेत, असा काहीसा हिशेब आहे. त्यानंतर महिना उलटला नाही तोच, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आमच्या शाळेत साखर वाटली गेली. ती वाटताना आम्हांला थोडे विचित्र वाटले एवढेच सांगतो.

एका शिक्षकाने दोन वर्ग सांभाळणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले नाही त्यांना सांगून समजेल की नाही शंका आहे, पण प्रयत्न करतो. फळ्याच्या मधोमध खडूने उभी रेघ ओढायची. डावीकडे तिसरीची वजाबाकी, उजवीकडे चौथीचे अपूर्णांक. तिसरीला हातचा घेऊन वजाबाकी समजावून द्यायची आणि पाच उदाहरणे घालून चौथीकडे वळायचे. चौथीसमोर भाकरीचे चार तुकडे करून दाखवत असताना तिसरीतील सात मुलांपैकी दोघांनी हातचा घेतलेला असतो पण तो परत केलेला नसतो, तिघांनी शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहिलेले असते, एकाला लघवीला जायचे असते आणि एक जण खिडकीतून पाऊस पाहत असतो. हा पाऊस पाहणारा मुलगा खरा आमच्या वाट्याचा. त्याच्याजवळ जाऊन बसायला दहा मिनिटे लागतात. एकाच वर्गाचा शिक्षक असता तर ती मिळाली असती. इतक्यात कार्यालयातून निरोप येतो की, आजच्या पोषण आहाराचा आकडा भ्रमणध्वनीवर भरायचा राहिला आहे. दहा मिनिटे संपतात. असे वर्षात दोनशेहून अधिक दिवस. मग एखादे सर्वेक्षण सांगते की तिसरीच्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, आणि शहरातील सुखवस्तू मंडळी चहाच्या कपावरून मान हलवतात. २०२४च्या ‘असर’ पाहणीत देशातील ग्रामीण सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २३.४ टक्के निघाली. दोन वर्षांपूर्वी ती याहूनही कमी, १६.३ टक्के होती. म्हणजे शिक्षक वर्गात असला की आकडा हलतो, असे आम्ही समजतो.

आणि भाषेचाच विषय निघाला आहे तर आपल्या वसईच्या मुलाची गोष्ट वेगळीच आहे. आपल्या पश्चिम पट्ट्यात अनेक घरांत आजही आजी नातवाशी सामवेदीत बोलते, काही घरांत वाडवळी चालते. ते मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तकातली मराठी ही त्याची पहिली भाषा नसतेच. ती दुसरी असते. २००० सालापासून मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे ती तिसरी. जूनमध्ये येणारी ‘तिसरी भाषा’ त्याची चौथी ठरली असती. पूर्वेला डोंगराच्या बाजूला वारली मुलांची हीच स्थिती आहे, किंबहुना अधिक बिकट आहे, कारण त्यांच्या घरची बोली जाणणारा शिक्षक मिळणे आणखी कठीण. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे. चांगले म्हटले आहे. पण घरच्या भाषेवरून पुस्तकाच्या भाषेवर मुलाला नेणारा पूल पुस्तकात नसतो. तो शिक्षकाच्या तोंडात असतो. आमच्या पहिलीच्या बाई मुलाला सामवेदीत विचारतात आणि त्याचे उत्तर मराठीत परत सांगतात. डिसेंबरपर्यंत मूल आपण होऊन मराठीत उत्तर देऊ लागते. कोणत्याही आदेशात नसलेली ही पद्धत आहे आणि ती ऑनलाइन शिकवता येत नाही. त्या बाई २०२७ मध्ये निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी कोणी येईल की नाही, हे आमच्या पटावर अवलंबून आहे, आणि पट कशावर अवलंबून आहे त्याकडे आम्ही पुढे येणार आहोत.

जे शिक्षक उरले आहेत ते तरी वर्गात असावेत! शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी तीन कामे वगळता शिक्षकाला शाळेबाहेरच्या कामाला जुंपू नये, असे बजावले आहे. या तीन दरवाजांतून एवढे आत आले आहे की भिंतीच उरलेल्या नाहीत. मतदार यादीचे काम वर्षभर चालते. २०२५च्या अखेरीस अन्य राज्यांत मतदार याद्यांच्या विशेष पुनरीक्षणाच्या वेळी त्या कामावर नेमलेल्या काही कर्मचाऱ्यांच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. त्यांत शिक्षकही होते. ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की अधिक माणसे द्या. त्याच वर्षी आमच्याकडचा क्रम पाहा. २३ नोव्हेंबरला शिक्षक पात्रता परीक्षा, २ डिसेंबरला नगरपालिकांचे मतदान, ५ डिसेंबरला शाळा बंद ठेवून शिक्षकांचे आंदोलन, १५ जानेवारी २०२६ला वसई-विरारसह २९ महापालिकांचे मतदान आणि त्याआधीची प्रशिक्षणे. दुसऱ्या सत्राचे पहिले दोन महिने असे गेले. कोणी म्हणेल, आंदोलनाचा एक दिवस तर तुमचाच होता. होय, आमचाच होता. तो दिवस मुलांचा गेला याचे आम्हांला वाईट वाटते, आणि त्याबद्दल एक दिवसाचे वेतन जाण्याचा इशाराही आम्हांला मिळाला होता. इतर दिवस गेले त्याबद्दल कोणाचे काय गेले, ते कोणी विचारत नाही.

आता आधार कार्डाची गोष्ट. ती हसण्यासारखी आहे, पण हसू येत नाही. संचमान्यतेत मूल मोजले जाते ते त्याचे आधार वैध ठरले तर. आपल्या समाजात आडनावे किती तऱ्हांनी लिहिली जातात ते सर्वांना माहीत आहे. शाळेच्या नोंदवहीत घोन्सालविस, आधारवर गोन्साल्विस, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर पोर्तुगीज वळणाचे तिसरेच काही. यंत्राला हे तीन भाऊ वेगळे दिसतात. मूल रोज वर्गात येते, त्याला पाढे पाठ आहेत, पण यंत्र म्हणते की ते अवैध आहे. अशी चार-पाच मुले अवैध ठरली की पट एका पायरीने खाली येतो आणि एक शिक्षक कमी होतो. म्हणून ऑगस्ट महिन्यात आम्ही पालकांच्या मागे लागून, रांगेत उभे राहून, नावातली एक वेलांटी दुरुस्त करून घेत असतो. एका वेलांटीवर एक गुरुजी अवलंबून आहेत, असे आम्ही आपसांत म्हणतो.

शिक्षक पात्रता परीक्षेविषयी थोडक्यात. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक उरली आहेत त्यांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा संपेल. अल्पसंख्याक शाळांना हे लागू करावे की नाही, हा प्रश्न त्याच निकालाने मोठ्या पीठाकडे सोपवला. शिक्षकाची परीक्षा होऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. आम्ही मुलांना परीक्षेला घाबरू नका म्हणून सांगतो, तेव्हा आपण घाबरणे शोभणार नाही. पण पंचवीस वर्षे ज्यांनी शिकवले त्यांची योग्यता पर्यायावर खूण करून ठरवायची, आणि त्याच वेळी त्यांना वर्गाऐवजी घरोघर पाठवायचे, यात शिक्षणाची काळजी कोठे दिसते? एखाद्या डॉक्टरला दवाखाना बंद करून कारकुनी करायला लावावी आणि मग विचारावे की रोग्यांची संख्या का घटली, तसे हे आहे.

शासनाच्या बाजूचाही एक मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. सहा मुलांच्या शाळेत मुलाला खेळायला गडी मिळत नाही, स्नेहसंमेलन होत नाही, आणि शासनाचा दर मुलामागचा खर्च फार मोठा होतो. पानशेत आणि तोरणमाळ येथील समूह शाळांची उदाहरणे दिली जातात. दोन खरोखर लहान शाळा जवळजवळ असतील आणि वाहन, रस्ता व शिक्षक हे तिन्ही आधी मिळणार असतील, तर त्या एकत्र करण्याला आमचा विरोध नाही. आमचा विरोध आहे तो क्रमाला. आधी शिक्षक काढतात, मग मुले जातात, मग मुले नाहीत म्हणून शाळा काढतात. मुली तर पहिल्या धक्क्यालाच घरी बसतात. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी सरकार वरच्या शिक्षणावर पैसा उधळते आणि रयतेच्या प्राथमिक शिक्षणाकडे पाठ फिरवते, असे सांगितले होते आणि बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले होते. तेव्हा सरकार परके होते.

आता पट. येथे लेखणी थोडी जड होते, कारण यापुढचा आरोप शासनावर नाही.

आमच्या शाळेच्या जुन्या हजेरीपटात पहिलीच्या दोन तुकड्या दिसतात, प्रत्येकी चाळीसच्या वर नावे. धर्मग्रामातील बहुतेक प्रत्येक घराचे नाव त्यांत आहे. आज वसईत जे डॉक्टर, प्राध्यापक, धर्मगुरू, बँकेतले अधिकारी आणि परदेशातून नाताळला येणारे पाहुणे आहेत, त्यांतले किती तरी जण या पटातले. ज्या वर्षी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्या २०२० साली आपल्या धर्मग्रामांतून आनंदाचे फलक लागले. आम्हीही फलकाखाली उभे राहून छायाचित्र काढले. त्याच जूनमध्ये आमच्या पहिलीत अकरा मुले होती, आणि त्यांतली सात आपल्या समाजाबाहेरची. रोजगारासाठी दुरून आलेल्या मजुरांची मुले आज आपल्या पूर्वजांनी काढलेली मराठी शाळा जिवंत ठेवत आहेत. त्यांचे आम्ही आभारी आहोत. पण आपली मुले कोठे आहेत? ती रस्त्यापलीकडे, इंग्रजी शाळेत आहेत. अनेक धर्मग्रामांत ती शाळा आपलीच, त्याच आवारातली असते. तिची रंगरंगोटी दर दोन वर्षांनी होते.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांला आहे काय, असे कोणी विचारले तर मान खाली घालावी लागेल. आमच्या धाकट्या मुलीला आम्ही १९९९ साली इंग्रजी माध्यमात घातले. तेव्हा कारणे सांगितली ती आजचे पालक आम्हांला सांगतात तीच. मुख्याध्यापकांनी त्या वेळी एकच वाक्य उच्चारले होते, “सर, तुम्ही स्वतःच्या दुकानातला माल घरी नेत नाही.” तेव्हा राग आला होता. ते आज हयात नाहीत, नाहीतर त्यांची क्षमा मागितली असती.

पालकांची भीती खोटी नाही. इंग्रजी यायला हवे, आणि नोकरी इंग्रजीतून मिळते, हे आम्ही नाकारत नाही. पण पहिलीपासून इंग्रजी मराठी शाळेतही आहे. ते चांगले शिकवले जात नसेल तर त्याचे कारण पुन्हा तेच, एक गुरुजी आणि दोन वर्ग. इंग्रजी माध्यमातल्या आपल्या मुलाला घरी सामवेदी, प्रार्थनेला मराठी, शाळेत इंग्रजी आणि शिकवणीला हिंदीमिश्रित काही तरी, असे चार तुकडे मिळतात. त्याला उत्तरे पाठ असतात, पण प्रश्न विचारता येत नाही. जून २०२५ मध्ये हिंदीसक्तीच्या विरोधात भ्रमणध्वनीवर जे संदेश फिरले, ते आम्हांला पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांची मुले मराठी शाळेत नव्हती. आम्ही मोजले. तेव्हा त्या संदेशांना आम्ही उत्तर दिले नाही. हेच उत्तर समजावे.

‘अल्पसंख्याक’ हा शब्दही आता थोडा तपासून पाहावा. घटनेच्या ३०व्या कलमाने आपल्याला शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असे ठरवले, आणि १ सप्टेंबर २०२५च्या निकालाने त्यावरच शंका घेतली. आपले वकील आपली बाजू मांडतील, मांडावीच. पण हा हक्क कशासाठी मिळाला आहे? भाषा आणि संस्कृती जपण्यासाठी, असे २९वे कलम त्याच्याच शेजारी उभे राहून सांगते. आपली भाषा ज्या शाळेत जगते ती ओस पडू देऊन आपण हक्काची वही जपून ठेवली, तर न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर देणार?

आमची मागणी मोठी नाही. शासनाने १५ मार्च २०२४चे निकष मागे घ्यावेत, प्रत्येक प्राथमिक शाळेत पट कितीही असो, दोन शिक्षक ठेवावेत, आणि एकाला निवडणुकीला नेले तर त्या दिवसांपुरता बदली माणूस द्यावा. आपल्या धर्मग्रामांनी रंगरंगोटीच्या पैशातून मराठी विभागाला एक इंग्रजीचा चांगला शिक्षक द्यावा, आणि निदान धर्मग्राम परिषदेच्या सदस्यांनी, शाळा समितीच्या सदस्यांनी व आम्हां शिक्षकांनी आपापल्या घरातले एक मूल या शाळेत पाठवावे. आमच्या नातवाबद्दल घरात बोलणी चालू आहेत. सूनबाईंची शंका रास्त आहे. त्या विचारतात, “बाबा, तो चौथीत जाईपर्यंत शाळा राहील ना?”

धर्मग्राम परिषदेच्या पुढच्या बैठकीसाठी आम्ही हा विषय लेखी दिला आहे. कार्यक्रमपत्रिका हाती आली. पहिला विषय वाहनतळाच्या फरशीचा, दुसरा सणाच्या रोषणाईचा, तिसरा दफनभूमीच्या भिंतीचा. मराठी शाळेचा विषय चौथा आहे आणि त्यापुढे कंसात लिहिले आहे, ‘वेळ उरल्यास’.